पहिल्या दाबाला उचलत नाय

आमच्या बाजूला माणसाची ओळख सांगताना आधी वाडी सांगतात, मग घर, मग बाप, आणि वेळ उरलाच तर नाव. संजीवनीचं उलटं आहे. पोलादपूरच्या स्टँडवर नुसतं "संजीवनीकडं जायचंय" म्हणा, रिक्षावाला बरोबर आमच्या गावच्या गिरणीपाशी आणून सोडेल. गिरणीत आता दळण मिळत नाही, झेरॉक्स मिळते. मी रोज सकाळी त्या गिरणीच्या बाकावर बसतो, त्यामुळे जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण गोष्ट सांगायला चौथी पुरते.

गिरणी संजीवनीच्या सासऱ्याची, कुशाबाची. कुशाबा माझा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या कानाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गिरणीच्या मोटरला एक स्टार्टर होता, त्यावर हिरवं बटण. ते नुसतं दाबून भागत नसे. अंगठ्याने दाबून धरायचं, मोटर घुमू लागली, तिने सूर पकडला, की सोडायचं. आधी सोडलं तर मोटर बसलीच. व्होल्टेज कमी असलं की पहिल्या दाबाला उचलायचीच नाही, दुसऱ्यांदा दाबावं लागायचं. कुशाबा डोळे मिटून, मान वाकडी करून तो सूर ऐकायचा. त्याच्या हळदीच्या दिवशी गिरणीवर त्याचा भाऊ बसला होता. इकडे बायका कुशाबाला हळद लावतायत आणि हा मध्येच उठला. "मोटर रडतेय," म्हणाला आणि पळाला. गिरणी सुधारली, पण त्या दिवशी गावाने पिवळ्या भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या आईने एक देवापुढे ठेवली होती.

पुढे घरोघरी लहान चक्क्या आल्या आणि गिरणी थांबली. कुशाबा रोज कुलूप उघडायचा, झाडायचा, परत लावायचा. अशात मंगेशचं, म्हणजे त्याच्या मुलाचं, लग्न झालं आणि शिवथरकडची संजीवनी सून होऊन आली. बारावी शिकलेली, महाडात कॉम्प्युटरचा क्लास केलेली. मंगेश महाडच्या कारखान्यात कामाला, घरी यायचा तो रविवारी. पोरीने वर्षभर घर पाहिलं, शेत पाहिलं, आणि एक दिवस सासऱ्याला म्हणाली, "आबा, गिरणीची खोली मला द्या. मी तिथं कॉम्प्युटर मांडते."

"आनि माझी गिरणी?"

"गिरणी जाग्यावरून हलणार नाय. तिच्यावर मी ताडपत्री घालीन, दर दिवाळीला पुसून काढीन."

झालं. त्या एका वाक्यावर कुशाबा सुनेचा झाला.

महाडातला एक क्लास बंद पडला होता, तिथला जुना कॉम्प्युटर तिने घेतला. फोटो, झेरॉक्स, लाइटबिल, वीर स्टेशनवरून मुंबईला जायचं रेल्वेचं तिकीट, सगळं करू लागली. खरं गिऱ्हाईक म्हणजे सकाळची एसटी. ती वरच्या धनगरवाडीतून खाली येते आणि महाडला जाण्याआधी आमच्याकडे थांबते, ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत. तेवढ्यात वाडीची माणसं उतरतात, काम उरकतात, परत गाडीत बसतात. महाडात काय दुकानं कमी आहेत? पण तिथे यांना कोण विचारतो! इथे संजीवनी प्रत्येकाला नावाने हाक मारते, म्हशीचीही चौकशी करते.

आता ड्रायव्हरचा चहा तो केवढा! आणि कॉम्प्युटर म्हातारा. बंद करून पुन्हा चालू करायचा तर चहा उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून होतो तरी पडद्यावर ते गोल फिरतंच असतं. म्हणून संजीवनी त्याला रात्री बंद करत नसे, झोपवत असे. मला तिने समजावून सांगितलं होतं, "भागोजीकाका, झोपलेला कॉम्प्युटर म्हंजे रवंथ करनारी म्हस. डोळे मिटलेले, पन खाल्लेलं सगळं तोंडात हाय. उठवला की काल जिथं काम थांबलं तिथूनच पुढं."

दिवाळीपर्यंत हे छान चाललं. दिवाळीनंतर खोड सुरू झाली. सकाळी गाडी यायची आणि हा पठ्ठ्या झोपेतून उठण्याऐवजी मरून पुन्हा जन्म घ्यायचा. आधी काळा पडदा, मग कंपनीचं नाव, मग ते गोल. रात्री अर्धवट ठेवलेलं काम गेलेलं. ड्रायव्हर हॉर्न मारायचा आणि माणसं हात हलवत गाडीत चढायची.

सकाळच्या त्या वेळेला संजीवनी गोठ्यात असते. त्यामुळे दिवाळीपासून कुशाबानेच कॉम्प्युटर उठवायचं काम अंगावर घेतलं होतं. सुनेची तेवढीच धावपळ वाचेल म्हणून. ती हात पुसत येईपर्यंत कुशाबा सांगायचा, "पयल्या दाबाला उचलत नाय गो. दुसऱ्याला घेतो."

मी बाकावरून मान डोलवायचो. आमची गिरणीही तशीच होती की.

होळीपर्यंत निम्मी माणसं आमच्याकडे उतरेनाशी झाली. मंगेश एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "जत्रेपर्यंत बघ. नायतर इकून टाकू. कारखान्याच्या कँटीनला बाया पायजेत, तिथं लागशील."

"इकायचा असता तर घेतला कशाला असता?" संजीवनी म्हणाली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. जरा जास्तच वाढली.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरचं खोकं गोधडीत गुंडाळलं आणि तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन एसटीने महाडला गेली. तिथे अश्वजित म्हणून एक पोरगा दुरुस्ती करतो, हाताचा सरळ आणि तोंडाचा तिखट. त्याने खोकं उघडलं, धूळ उडवली, आतली पट्टी काढून खोडरबराने घासली, बसवली, बारकी बॅटरी बदलली. झोपवला, कीबोर्डवर टिचकी मारली. उठला! पुन्हा झोपवला, पुन्हा उठला. संजीवनी खुशीत परत आली. सकाळी गाडी आली आणि कुशाबा म्हणाला, "पयल्या दाबाला उचलत नाय गो."

मंगेशने भिंतीतला सॉकेट बदलला. शेजाऱ्याचा स्टॅबिलायझर आणून लावला. वरच्या वाडीची ठमाबाई गाडीतून उतरली ती मीठमोहरी घेऊनच, आणि तिने कॉम्प्युटरवरून उतरवून टाकली.

"दिष्ट हाय गो. येवढं माणूस रोज बघतं त्याच्याकडं."

"दिष्ट असती तर दुपारची पन लागली असती, ठमाबाय," संजीवनी म्हणाली. म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागली. मला तेव्हा वाटलं, म्हातारीला उलट बोलली म्हणून ओशाळली असेल. तसं नव्हतं. पोर विचारात पडली होती.

तरी तिने आणखी एक खेप केली. या वेळी अश्वजितने कॉम्प्युटर ठेवून घेतला, त्याला वीज देणारा आतला डबाच बदलून पाहिला, आणि शेवटी हात टेकले. "ताई, माझ्याकडे हा शहाण्यासारखा वागतो. कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. तुमच्या घराला झालंय."

दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा भांडली असती. संजीवनीने परत येताच नारळाच्या दोन करवंट्या घेतल्या आणि कॉम्प्युटरशेजारी मांडल्या. नीट उठला की डावीकडे एक चिंचोका, मरून उठला की उजवीकडे. दिवसातून येता जाता ती त्याला झोपवायची आणि उठवायची. मी म्हटलं, "अगो, झोपू दे की त्याला जरा!" तर म्हणाली, "काका, जो दोष दिसत नाय त्याला धरायचा कसा? आधी दिसू तर दे."

जत्रा जवळ आली तशी डावी करवंटी भरली. उजवीतले चिंचोके सगळे सकाळचे. मग एक दिवस तिने म्हशी जत्रेसाठी रजा घेऊन आलेल्या मंगेशवर सोपवल्या आणि सकाळी स्वतः उठवला. उठला! म्हणजे सकाळच्या विजेचाही दोष नाही. आता काय उरलं? दुसऱ्या दिवशी ती सुपात तांदूळ घेऊन गिरणीच्या ताडपत्रीआड निवडत बसली. खिंडीत हॉर्न वाजला. कुशाबा आला. कॉम्प्युटरच्या बटणावर अंगठा ठेवला, दाबला, डोळे मिटले, मान वाकडी केली, आणि सूर पकडायची वाट बघत दाबून धरला.

संजीवनीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

दुपारी तिने मला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगणं भागच होतं. त्या बटणाची तऱ्हा अशी की झोपेत असताना नुसता हात टेकवला तर कॉम्प्युटर जागा होतो, आणि धरून ठेवला तर पार बंद पडतो. मग दुसऱ्या दाबाला तो उठतो तो कोराच. बंद असला की पंखा पहिल्या झटक्यालाच घुमतो, म्हणून कुशाबा अंगठा लगेच उचलायचा. झोपेतून उठताना मात्र पंखा नुसता कुजबुजतो. कुशाबाला सूर ऐकूच यायचा नाही, आणि तो आपला दाबून धरायचा. बाकीचे आम्ही सगळे कीबोर्डवर टिचकी मारणारे. पण यंत्र बटणाने चालू होतं हे कुशाबाच्या हाडात बसलेलं.

"मग सांग की त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू? आबा माझ्यासाठी तर उठतात पहाटेचे. तुमच्या हातानंच बिघडतंय, असं सांगू?"

संध्याकाळी मी दूध आणायला गेलो तेव्हा सासरा-सून गोठ्यात होती. म्हैस बसलेली.

"आबा," संजीवनी म्हणाली, "म्हस उठवायचीय. जरा तिला अंगठ्यानं दाबून धरा की."

"दाबून? म्हस काय गिरणी हाय? पाठीवर हात टेकला का उठंल."

"आनि दाबतच ऱ्हायलं तर?"

"तर लाथ घालंल! रवंथ करतेय ती, मेलीय काय?"

"कॉम्प्युटर पन तसाच हाय, आबा," एवढं बोलून ती दुधाची चरवी घेऊन आत गेली.

कुशाबाने म्हशीकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. मग माझ्याकडे.

"भागोजी, सून म्हशीचं बोलत नव्हती."

"नव्हती," मी म्हटलं.

तो रात्री जेवला की नाही कोण जाणे. सकाळी मी बाकावर पोचलो तर हा आधीच आत उभा. मंगेश दारात, हाताची घडी घालून. संजीवनी गोठ्यातून आली, पण उंबऱ्यातच थांबली. हॉर्न वाजला. गाडीतून एकटी ठमाबाई उतरली. म्हशीच्या विम्याला तिचा म्हशीसोबतचा फोटो महाडात द्यायचा होता. संजीवनीने तो आदल्या संध्याकाळी मापात बसवून ठेवला होता.

कुशाबाने हात पंचाला पुसला. अंगठा पाठीमागे लपवला आणि करंगळी बटणाला टेकवली, लगेच उचलली. सूर नाही, काही नाही. त्याचा अंगठा पाठीमागे वळवळत होता, मला दिसत होता. "थांब," तो स्वतःलाच म्हणाला. आणि पडदा उजळला. त्यावर ठमाबाई आणि तिची म्हैस, काल ठेवली होती तशीच.

"आगो बया!" ठमाबाई ओरडली. "म्हस झ्याक आलीय. माझंच तोंड वाकडं!"

छापून झालं, ती गाडीत चढली, तरी ड्रायव्हर बशीतला चहा फुंकतच होता. खिडकीतून तिने फोटो सगळ्या गाडीला दाखवला. दुसऱ्या दिवशी चौघं उतरली.

संजीवनीने अश्वजितला फोन केला. "दादा, तुमी म्हणालात तेच खरं. घरालाच झालेलं. आता बरं हाय." काय झालं होतं ते त्याने किती खोदून विचारलं, तिने सांगितलं नाही.

जत्रा झाली. विकायचं कुणी बोललं नाही. रजा संपवून निघताना मंगेश प्रिंटरकडे बघत म्हणाला, "शाई फिकी पडलीय गो. येताना महाडातनं आणतो." आणि सहज कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला.

"ए!" कुशाबा बाकावरून ओरडला. "हात काढ! रवंथ करतोय तो."