कस्तुराबाईची पाचवारी

निजामाच्या अमलात कळंबला बलभीमराव नावाचे एक गिरदावर होते. गिरदावर म्हणजे घोड्यावर बसून गावोगावची पिकं तपासणारा सरकारी माणूस. सगळा तालुका त्यांना भीत असे, आणि ते बायकोला, कस्तुराबाईला. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. पण घर जवळ आलं की त्यांचा घोडासुद्धा पाय न वाजवता चालायचा.

एका हिवाळ्यात तहसीलदारांच्या बेगमसाहेबांनी, नाताळच्या सुट्टीत हैदराबादेत करतात तशी, बायकांसाठी चहाची पार्टी ठेवली. अंमलदारांच्या बायकांनी पार्टीला शोभेल अशा पोशाखात यावं, असा निरोप चपराशानं घरोघर पोचवला. बलभीमरावांनी तो फारच मनावर घेतला. सोलापूरहून आकाशी जॉर्जेटची पाचवारी साडी आणली, तिच्याखाली घालायला परकर आणला, आणि आमची मंडळी पाचवारीत येणार असं कचेरीभर सांगूनही टाकलं.

कस्तुराबाईनं परकर दोन बोटांनी उचलला. बाई जन्मभर नऊवारी लुगड्यात वावरलेली. परकर पोरींनी घालायचा आणि लग्नात तो सुटायचा, एवढंच तिला ठाऊक.

"चार लेकरं झाल्यावर मला पुन्हा परकरी पोर करता व्हय?" तिनं विचारलं.

बलभीमरावांनी जमाना बदलल्याचं सांगितलं. लुगड्यात गेलीस तर सगळ्या हसतील आणि माझी मान खाली जाईल, हेही सांगितलं. शेवटी ती नेसून बघायला तयार झाली. शेजारच्या सकिनाबीची नणंद हैदराबादला असायची, त्यामुळं पाचवारीतलं सगळं ज्ञान गल्लीत सकिनाबीकडंच होतं. तिनं निऱ्या घातल्या, पदर काढला आणि कस्तुराबाई बिल्कुल मेमसाब दिसते असा निकाल दिला.

तेवढ्यात धारेची वेळ झाली. मेमसाब चरवी घेऊन तशाच गोठ्यात गेल्या.

म्हशीनं ते आकाशी प्रकरण एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, फुरफुरली, आणि अशी लाथ झाडली की चरवी गव्हाणीत जाऊन पडली. चुचकारलं, सरकी दाखवली, पण थेंब सुटेना. मग कस्तुराबाई आत गेली, आपलं काळं इरकली लुगडं नेसून आली. म्हशीनं पदर हुंगला आणि मुकाट पान्हा सोडला.

"बघितलंत?" ती धार काढता काढता नवऱ्याला म्हणाली. "ते नेसल्यावर माझी म्हैस मला वळखत न्हाय. मग तितं पार्टीला जाईल ती कोण, सांगा की."

बलभीमरावांनी शेवटचा डाव टाकला. मग जाऊच नको, तुला ताप आलाय असं कळवतो, म्हणाले.

"ताप तुमी घ्या. बोलावणं मला हाय."

आणि ती इरकलीतच गेली, कासोटा मारून, कुंकू कपाळभर लावून.

बंगल्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. वारं सुटलं होतं, आणि झुळझुळीत जॉर्जेटमधल्या बायका ओल्या कोंबड्यांसारख्या अंग चोरून बसल्या होत्या. कस्तुराबाईला पाहून त्यांना जरा ऊब आली, सगळ्या हसल्या. बेगमसाहेबांनी हे लुगडं असतं तरी किती लांब, अशी चौकशी केली.

कस्तुराबाई खुर्चीत ऐसपैस मांडी घालून बसली.

"नौ वार का है, बेगमसाब. आपका पाँच का. बीच के चार वार की थंडी आपकूच लगती, मेरेकू नै."

बेगमसाहेबांचे दात वाजत होते, त्यामुळं त्या हसल्या की कुडकुडल्या हे कुणाला नीट कळलं नाही. मात्र चहाचा दुसरा पेला त्यांनी कस्तुराबाईला स्वतःच्या हातानं दिला.

बलभीमराव बाहेर लिंबाखाली घोडा धरून उभे होते. तिला बघताच, हसल्या का, म्हणून हळूच विचारलं.

"हसल्या की. मीबी हसले. त्यांच्यापरीस लई येळ."

ते जॉर्जेट उन्हाळ्यात शेवयांवर पांघरायला फार कामी आलं. एक माशी बसत नसे. पुढच्या हिवाळ्यात बोलावणं आलं तेव्हा बलभीमरावांनी साडीचं नावसुद्धा काढलं नाही. कस्तुराबाईनं मात्र निघण्याआधी गोठ्यात एक फेरी मारली, आणि म्हशीनं पदर हुंगल्यावरच बंगल्याची वाट धरली.