पेटीला दाखवलेला उतार

माझे भाऊजी काच वाहतात. म्हणजे डोंगरावरच्या कारखान्यात काचेचे मोठाले तक्ते ट्रकमधल्या लोखंडी घोडीवर उभे करून बांधतात, खालच्या गोदामात आणून उतरवतात आणि रिकामी गाडी घेऊन परत वर जातात. सत्तावीस वर्षं हेच. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीत एक तक्ता तडकलेला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. माझी ताई सांगते, आणि लगेच पुढे म्हणते की घरात मात्र दर आठवड्याला एक कप फोडतात.

मी त्याच कंपनीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. मेहुणा असल्यामुळे भाऊजींची टिंगल करायचा मला हक्क आहे आणि तो मी सोडत नाही. माणूस भयंकर संशयी. औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचणार, दुकानदाराचा काटा वाकून बघणार, कुणी काही फुकट दिलं तर आधी ते उलटं करून तपासणार. ताई म्हणते, लग्नाच्या वेळी मलाही उलटं करून बघितलं असतं, पण लोक होते. मीही काही फार वेगळा नाही, म्हणून आमचं जमतं.

गेल्या वर्षी कंपनीने त्यांच्या ट्रकच्या पुढच्या काचेला आतून एक काळी पेटी चिकटवली. तिला दोन डोळे. एक रस्त्याकडे, एक ड्रायव्हरकडे. सोबत कागद आला, ‘चालकांच्या सुरक्षेसाठी’. ती बसवायला एक तरुण इंजिनिअर मुलगी आली होती. आम्ही तिला पेटीवाली म्हणायचो. बोलायला गोड, भाऊजींना काका म्हणायची. भाऊजींना तेही खटकलं.

"सुरक्षेसाठी आहे तर सगळ्यांना का नाही?" त्यांनी मला विचारलं. खरंच, बारा गाड्यांपैकी तीनच गाड्यांना पेटी होती, आणि ते तिघेही सगळ्यात जुने, सगळ्यात कसलेले ड्रायव्हर. "जो चुकत नाही त्याच्यावर पहारा कशाला रे?"

 दोन दिवसांनी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर एका टँकरवाल्याने याचं उत्तर दिलं. म्हणाला, आधी पेटी लावतात, ती ड्रायव्हरचे हातपाय बघून बघून शिकते, आणि मग एक दिवस गाडी ड्रायव्हरशिवाय निघते. त्याने हे डोळ्यांनी बघितलं होतं की कुणाकडून ऐकलं होतं, देव जाणे. भाऊजींच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

"शिकायचंय ना तिला?" गॅरेजकडे परतताना ते म्हणाले. "शिकवतो."

मग पाच आठवडे त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. काच भरून उतरताना खोड्या करणं शक्य नव्हतं. तिथे ते पेटीच्या दोन्ही डोळ्यांवर घाम पुसायचं फडकं टाकायचे. आणि रिकामी गाडी वर नेताना फडकं काढून नुसता धुमाकूळ. सरळ रस्त्यावर कचकन ब्रेक. गिअर नको तेव्हा, नको तो. समोर चिटपाखरू नसताना भोंगा. पट्टा सोडून उगाच डावी-उजवी. रोज संध्याकाळी मला सगळं खुशीत सांगायचे आणि आम्ही दोघं शाळा बुडवलेल्या पोरांसारखे हसायचो. ताईला आम्ही ताकास तूर लागू दिली नाही.

सहाव्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. गाडीत काही दोष आहे का ते सांगायला मलाही बोलावलं होतं. खोलीत पेटीवाली बसली होती, समोर पडदा, पडद्यावर त्या तिघा ड्रायव्हरांची यादी. भाऊजी शेवटी होते. त्यांच्यापुढे लिहिलं होतं: ‘नियंत्रण कमकुवत. जड व नाजूक मालावरून काढावे.’

पेटी शिकत नव्हती. निदान ती यादी तरी तसंच सांगत होती. पेटी मार्क देत होती.

"वय सगळ्यांचंच होतं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही खूप केलंत. आता गोदामाच्या फाटकावर बसा, तीन वर्षं आरामात जातील."

भाऊजी गप्प बसले असते तर सुटले असते. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. पेटीशी छेडछाड केल्याबद्दल नोकरी जाऊ शकते हे तिथे भिंतीवरच लावलेलं होतं. भाऊजी पडद्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी त्यांच्या वडिलांच्या आजारपणातही बघितला नव्हता.

"साहेब, मला लबाड लिहा," ते म्हणाले. "फडकं मीच टाकत होतो. वर जाताना जे केलं ते मुद्दाम केलं. काढायचं तर कामावरून काढा. पण मला गाडी येत नाही असं लिहू नका."

साहेबांनी पेटीवालीकडे बघितलं, तिने साहेबांकडे. असलं बघणं मला अजिबात आवडत नाही.

"मग काका," ती म्हणाली, "एकदा खरं कसं उतरता ते दाखवा ना. भरलेल्या गाडीने."

बाहेर आल्या आल्या मी त्यांचा दंड धरला. "भाऊजी, हाच डाव आहे. त्यांना पहिल्यापासून तुमचा उतारच हवा होता. जाऊ नका."

"असेल डाव," ते म्हणाले. "पण यादीत शेवटी कोण आहे ते बघितलंस ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वरून निघालो. पाठीमागे काच, स्टिअरिंगवर भाऊजी, मध्ये पेटीवाली, दाराशी मी. उतार सुरू व्हायच्या आधीच त्यांनी खालचा गिअर टाकला आणि गाडी इंजिनाच्या जोरावर धरून ठेवली. ब्रेकला पाय लागला तो नावापुरता. पाचव्या वळणाआधी त्यांनी गाडी बाहेरच्या बाजूला ऐसपैस नेली.

"आत्ता रुंद का घेतलं?" पेटीवालीने विचारलं.

"पुढे रस्ता बाहेर कलतो. आवळून घेतलं तर तक्ते दोरावर लोंबतात. असं घेतलं की घोडीवर टेकतात."

"आणि हे तुम्हाला कसं कळतं?"

"पाठीला कळतं. काच लोंबायला लागली की सीट वेगळी थरथरते."

मी खोकलो. कोपराने ढोसायचं तर मध्ये ती बसलेली. भाऊजी थांबेनात. वारा आडवा आला तर काय, रस्ता ओला असला तर कुठे, समोरून बस आली तर आधी कोणी थांबायचं. ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. सत्तावीस वर्षं चाळीस मिनिटांत बाहेर आली. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

खाली तक्ते उतरवले, एकालाही ओरखडा नाही. साहेबांनी तो शेरा तिथल्या तिथे पुसायला लावला. फडक्याचा विषयही निघाला नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त खुपलं.

"काका, अजून महिनाभर असंच उतराल?" पेटीवाली म्हणाली. "मी रोज येईन."

"या," भाऊजी म्हणाले.

रिकाम्या गाडीने वर जाताना आम्ही दोघंच होतो. मी फुटलो. स्वतःच्या हाताने सगळं देऊन टाकलंत, तीन वर्षं तरी राहतील का आता, ताईला काय सांगणार, काय काय बोललो.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. "मला कळत नाही का?" मग ते म्हणाले. "पण तिने विचारलं रे. रुंद का घेतलं, म्हणून विचारलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

मी एकोणीस वर्षं त्याच गॅरेजात आहे. सकाळपासून मला पेटीचा राग येत होता. त्यानंतर चढ संपेपर्यंत माझा स्वतःचाच येत राहिला.