तळ्यात तपासलेला समुद्र

पांढरी रंगवलेली पितळी थाळी मी दोरीला बांधून देवळाच्या तळ्यात सोडली. हातभर खाली गेली आणि दिसेनाशी झाली, इतकं पाणी हिरवं होतं. मागे तळ्याच्या कमिटीचे प्रेसिडेंट, वकील वेंकटरामन, छत्री धरून उभे होते. तुम्ही समुद्राचे तज्ज्ञ ना, मग कुंभकोणमला काय करताय, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. प्रश्न योग्य होता. समुद्र तिथून बसनं दोन-तीन तासांवर होता.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी किनाऱ्यावरच्या एका सरकारी संशोधन स्टेशनात नोकरीला होतो. माझा विषय प्लँक्टन, म्हणजे पाणी नेईल तिकडे तरंगत जाणारे बारीक जीव. त्यातल्या हिरव्या वनस्पती पाण्यात विरघळलेला कार्बन घेऊन उन्हात वाढतात. त्यांना बारीक प्राणी खातात. मेलेलं, उष्टं, खाऊन बाहेर टाकलेलं सगळं सावकाश तळाशी जातं आणि कार्बनही सोबत नेतं. समुद्र असा किती कार्बन पोटात घालतो, त्याचं गणित मला मांडायचं होतं. ऊन किती, खत किती, खाणारी तोंडं किती, एवढं घातलं की उद्या हिरवं किती उरेल ते निघायला हवं. आता याला मॉडेल म्हणतात आणि त्यासाठी कॉम्प्युटर देतात. मला हँडल फिरवून आकडेमोड करायचं एक मशीन मिळे, तेही अकाउंट्सवाल्यांना नको असेल तेव्हा.

गणित तपासायला लाँच हवी होती. स्टेशनकडे एक होती, पण ती मद्रासहून आलेल्या पाहुण्यांना समुद्र दाखवण्याच्या महत्त्वाच्या संशोधनात गुंतलेली असे. डायरेक्टर पुण्याचे. पिढ्यान्पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या आम्हा मराठी लोकांची बोली ऐकून त्यांना हसू येई, म्हणून मी त्यांच्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत असे.

"राव, कार्बन म्हणजे कोळसा. त्याचा हिशेब रेल्वेवाले करतात," ते म्हणाले. "आधी कुठल्या तरी स्वस्त पाण्यात गणित खरं करून दाखवा. मग लाँचचं बघू."

कुंभकोणमला पाणी स्वस्त होतं. शिवाय तिथे माझी आत्या राहत असल्यानं राहण्याचा भत्ता द्यावा लागणार नव्हता. माझ्या सगळ्या अर्जात हा एकच मुद्दा साहेबांना पटला.

वकीलसाहेबांना समुद्राशी देणंघेणं नव्हतं. तेप्पम जवळ आला होता. त्या दिवशी देवाची मूर्ती सजवलेल्या तराफ्यावर बसवून तळ्यात फिरवतात. हिरव्या, वास मारणाऱ्या पाण्यात देव कसा फिरवणार? त्यांनी मोरचूद टाकायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, मोरचुदानं हिरवं सगळं एकदम मरेल, कुजेल, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवेल, आणि तुमच्या देवाभोवती मेलेले मासे तरंगतील. त्यापेक्षा लोकांना माशांपुढे भात आणि चुरमुरे टाकू देऊ नका. तेच या तळ्याचं खत आहे. खत थांबलं की वाढ मंदावेल, पाणपिसवा नावाचे मोहरीहून बारीक प्राणी उरलेलं हिरवं खातील, आणि बाकीचं तळाशी बसेल. माझ्या आकड्यांप्रमाणे पाणी तेप्पमच्या आधी निवळायला हवं होतं. उत्सवाच्या आठवड्यापर्यंत थांबायला ते कबूल झाले. मात्र माझ्यावरचा विश्वास म्हणून मोरचुदाचं पोतं मंडपात आणून ठेवलं.

कमिटीनं तशी पाटी लावली. लोक ती भक्तिभावानं वाचत, आणि वाचता वाचता चुरमुरे टाकत. त्यात सर्वांत पुढे माझी आत्या. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, गेल्यापासून रोज सकाळी माशांना भात घालायचा, हा तिचा नेम होता.

मी तिला थांबायला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही.

"मासोळ्यांस उपाशी ठेव मणतोस?" ती म्हणाली. "तुझे काका असते तर तुज काय मणले असते?"

मी तिला मंडपात नेऊन पोतं दाखवलं आणि ते पाण्यात पडलं की काय होईल ते सांगितलं. मासे शेवाळ आणि किडे खाऊन जगतील, उपाशी मरणार नाहीत, हेही सांगितलं. मग ती म्हणाली, "तर मीच बसतें पायरीवर."

दुसऱ्या दिवसापासून ती जपाची माळ घेऊन तिथे बसली. कोणी पुडी सोडली की ती फक्त मान वर करी. कमिटीच्या पाटीला जे जमलं नाही ते त्या नजरेला जमलं. माझ्या समीकरणांत आत्यासाठी अक्षर नव्हतं.

सुरुवातीला पाणी आणखीच हिरवं झालं. वकीलसाहेब रोज येऊन पोत्याची गाठ चाचपून जात. माझी झोप उडाली. लाँच जाईल ती जाईल, पण आत्याचा नेम मी मोडला होता. मग एका सकाळी जाळीत पाणपिसवाच पाणपिसवा आल्या. थाळी कमरेइतकी खाली जाऊनही दिसू लागली, आणि पुढच्या काही दिवसांत पाण्याखालच्या पायऱ्याही दिसू लागल्या. आत्यानं वाकून मासे पाहिले आणि त्यांना काही न टाकता घरी गेली.

तेप्पम थाटात झाला. प्रेसिडेंटनी भाषणात देवाचे, कमिटीचे आणि यंदाच्या हवामानाचे आभार मानले.

मी रिपोर्ट घेऊन डायरेक्टरांकडे गेलो. आकडे आणि तळं जवळजवळ जुळलं होतं. त्यांनी चष्मा पुसून तो वाचला.

"उत्तम. म्हणजे गणित बरोबर आहे."

"हो सर."

"मग आता लाँच कशाला हवी?"

शेवटी मी कोळ्यांच्या कट्टुमरमवर, म्हणजे लाकडं एकत्र बांधलेल्या तराफ्यावर, बसून समुद्रात गेलो. पहिल्याच फेरीत दोनदा ओकलो आणि गणित साफ चुकलं. तळ्याला भिंती असतात. समुद्रात खालचं थंड पाणी खत घेऊन वर येतं आणि तळाशी गेलेला कार्बनही पुन्हा वर आणतं, हे मी धरलंच नव्हतं. पुढची बरीच वर्षं मी ती एक चूक दुरुस्त करण्यात घालवली, आणि नोकरीत शिकलो ते त्यातच.

डायरेक्टरांनी मद्रासला तळ्याचा रिपोर्ट पाठवला. समुद्राचा अजून फायलीत असावा. तरुण सहकाऱ्यांना मी एवढंच सांगत असे, की बोट हवी असेल तर किनाऱ्यावर गणित फार बरोबर आणू नका.