रोजची का सणावाराची?

"हा माणूस नकली माल विकतो!"

पंक्चरच्या टपरीपासून उभं केलेल्या माझ्या गॅरेजात, गिऱ्हाइकांच्या गर्दीसमोर शोभाकाकूंनी मला हे सुनावलं.

आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

नवीन जालन्यात काकूंचं साड्यांचं दुकान. नातवंडं झाल्यावर ड्रायव्हिंग शिकल्या आणि छोटी पांढरी गाडी घेतली.

मुलगा सतीश विरोधात. "आई, एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना, विकून टाकीन."

त्यामुळे काकूंचा सगळा जीव इंजिनात.

पहिल्या ऑइल चेंजला मी म्हणालो, "काकू, साधं नको, सिंथेटिक टाकू. आपल्याकडच्या उन्हात टिकतं."

झालं!

"जन्म गेला माझा कपड्यात. सिंथेटिक म्हंजी नकली. अंगाला चिकटतं ते!"

"काकू, ऑइलनं चिकटायलाच पाहिजे."

"मला शिकवू नको. प्युअर टाक. बिलकुल कॉटनसारखं."

सगळं गॅरेज हसलं. मी गपचूप साधं टाकलं.

मंग एकदा बायकोसोबत त्यांच्या दुकानात गेल्तो. बायकोची नजर साड्यांवर, माझे कान काकूंकडे.

काकू एका बाईला समजावून राह्यल्या होत्या, "ताई, रोज नेसायची ना? मंग सिंथेटिकच घ्या. उन्हात विटत न्हाई, धुवून आटत न्हाई. कॉटनचे लाड सणावाराला."

मी गादीवरूनच विचारलं, "काकू, तुमची गाडी रोजची का सणावाराची?"

हातातली साडी हातातच राहिली.

"...रोजची."

"मंग?"

"मेल्या, कान हायेत का सुपं!"

आणि लगेच, अस्सल गिऱ्हाईक होऊन, "टाक तुझं सिंथेटिक. पण ब्लाऊजपीस फुकट पाहिजे."

मी ऑइल फिल्टर फुकट दिला.

त्याला काकू शेवटपर्यंत ब्लाऊजपीसच म्हणायच्या.

पुढं काकू गाडीत मैत्रिणी भरून जांब समर्थला दर्शनाला गेल्या, बदनापूरला लेकीकडं तर कायमच. गाडी एकदाही बंद पडली न्हाई.

आज काकूंना जाऊन वर्ष झालं.

सकाळी ओळखीचा इंजिनाचा आवाज आला. मान वर केली, तर स्टेअरिंगवर सतीश. मी हातातला पाना खाली ठेवून विचारलं,

"विकायची का?"

"बंद पडली तर विकणार होतो, भाऊ. पडलीच न्हाई ना."

"मंग ऑइल कोणतं टाकू?"

"उद्यापासून रोज वापरायचीय."

दोघंही हसलो. तो डोळे पुसत म्हणाला,

"आणि ब्लाऊजपीस विसरू नका."

काकू, गाडीचा आवाज एकदम मऊ आहे. माझी सुपं ऐकून राह्यलीत.

नमस्कार तुम्हाला.