बॅटरीत घातलेलं गोडं पाणी

तिन्ही गाड्या पुन्हा चार्जिंगला लावल्या होत्या आणि तिन्ही पुन्हा स्विमिंग पूलच्या अलीकडेच थांबल्या. शेवटची तर मी बसलेली असतानाच थांबली. रिसॉर्टचा मॅनेजर ढकलायला खाली उतरला आणि मागूनच म्हणाला, “मॅडम, तुम्ही आम्हाला भंगार विकलंय.”

मी तेव्हा बॅटऱ्यांच्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनियर होते. नाव मोठं, काम एवढंच की पाने, गॉगल आणि हायड्रोमीटर डिकीत टाकून स्कूटरवरून वसई-विरार पालथं घालायचं. ॲसिडच्या थेंबांनी माझी एक ओढणी धड ठेवली नव्हती. हे रिसॉर्ट निर्मळच्या पुढे, समुद्राकडच्या अंगाला. पाहुण्यांना गेटपासून खोल्यांपर्यंत न्यायला त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या गोल्फ कार्ट घेतल्या होत्या. गोल्फ तिथे कुणी खेळत नव्हतं, पण गाडीचा रुबाब होता. आता दिवाळीची गर्दी तोंडावर आली होती आणि रुबाब ढकलावा लागत होता.

या गाड्यांच्या सीटखाली बॅटऱ्यांची रांग असते. त्यांना सुट्टी मानवत नाही. पावसाळ्यात रिसॉर्ट बंद म्हणून गाडी नुसती उभी ठेवली, की बॅटरी आपोआप उतरत जाते. उतरलेली तशीच पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर थर बसतो आणि मग ती कायमची जाते. म्हणून गिऱ्हाईक असो वा नसो, वर्षभर अधूनमधून चार्ज करत राहायचं. चार्ज करताना आतलं पाणी थोडं उडतं. तेवढं डिस्टिल्ड वॉटर नंतर भरायचं. हे सगळं मी उन्हाळ्यातच ड्रायव्हर इनासकाकांना शिकवून गेले होते.

इनासकाका साठीच्या पुढचे. रिसॉर्टची जागा म्हणजे मुळात त्यांचीच केळीची वाडी. मुलं परदेशात गेली, वाडी विकली गेली. विकताना काकांनी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. वाडीतली विहीर बुजवायची नाही, आणि आपल्याला इथे काम द्यायचं. म्हणून ते निळा युनिफॉर्म घालून आपल्याच वाडीत परक्या लोकांना फिरवत. पावसाळ्यात सगळं बंद असलं की चार्जिंग झाल्यावर गाडी काढून एकटेच पूर्ण वाडीला फेरी मारत. “टेस्ट घेतो, बाय,” असं मला सांगत. बॅटरीला एवढी टेस्ट लागत नाही. पण मी गाडीत असले की कुठे केळी होती, कुठे पानवेल होती, हे ते गाडी चालवताना बोटाने दाखवत, तेव्हा मी मध्ये बोलत नसे.

तर मॅनेजर आणि काकांच्या देखत मी बॅटऱ्यांची झाकणं उघडली. हायड्रोमीटर म्हणजे काचेची पिचकारी. तिने ॲसिड ओढून घ्यायचं आणि आतली छोटी नळी किती वर तरंगते ते बघायचं. बॅटरीची नाडीच ती. नाडी सगळीकडे मंद होती. चार्ज घेत होत्या, पण टिकवत नव्हत्या. म्हणजे आत नको ते गेलं होतं. शेडमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे कॅन रिकामे पडले होते आणि शेजारी एक कळशी होती. कळशीच्या तळाशी पाणी होतं.

माझ्या पिशवीत सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली असते. पाण्यात खारेपणा असला तर दोन थेंबांत ते पांढरं होतं. डिस्टिल्ड वॉटर मात्र जसंच्या तसं राहतं. मी कळशीतलं पाणी ग्लासात घेऊन थेंब टाकले. पेजेच्या पाण्यासारखं झालं.

“समुद्राचं पाणी!” मॅनेजर ओरडला. “बघितलंत? वाडी गेली त्याचा राग काढला यानं. कॅन विकले आणि गाड्यांत खारं पाणी ओतलं.”

“समुद्राचं नाय,” काका म्हणाले. “माज्या विहिरीचं. कॅन भर पावसात संपले. तुमाला फोन केले, तुमी बघू म्हनालात. मंग कोरड्या ठेवू काय?”

“तुझ्या विहिरीचं? तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोस ना, अख्ख्या गावात असं गोड पाणी नाही म्हणून? मग हे काय आहे?”

काकांची सुटका एका वाक्यावर होती. विहीर खारी झाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते त्यांच्या तोंडून निघेना. मॅनेजरने गेटवरच्या वॉचमनला हाक मारली आणि सांगितलं, “उद्यापासून याला आत सोडायचं नाही.”

मला गोड्या पाण्याचंही कौतुक नव्हतं, बॅटरीला कुठल्याच विहिरीचं पाणी चालत नाही. पण चोरी वेगळी आणि चूक वेगळी. मी म्हटलं, “विहिरीचं ताजं पाणी काढू आणि सगळ्यांसमोर बघू.”

“नको बाय,” काका म्हणाले. “विहिरीला नको मध्ये आनू.”

मीच बादली सोडली. थेंब टाकले. हाही ग्लास तसाच पांढरा झाला. उरलेल्या पाण्यातलं घोटभर मी चाखलं. मचूळ होतं, जिभेवर मीठ रेंगाळत होतं.

काकांनी माझ्या हातातली बादली घेतली, ओंजळ भरली आणि प्यायले. “गोडं हाय,” म्हणाले. पुन्हा ओंजळ भरली. या वेळी पाणी तोंडात धरून उभे राहिले. बराच वेळ. थुंकले नाहीत, गिळलंच.

“खारं झालंय,” ते मॅनेजरकडे न बघता म्हणाले. “रोज पितो, मला कळलं नाय. मला अजून तीच चव लागत होती.”

 मॅनेजर दुसरीकडे बघू लागला. शेवटी तोही माणूसच. वॉचमनला त्याने हातानेच परत पाठवलं.

बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. वॉरंटी मिळाली नाही, कारण पाणी अशुद्ध होतं. काकांची नोकरी राहिली. दिवाळीत गाड्या छान धावल्या.

नव्या बॅटऱ्या बसवल्या त्या दिवशी काका मला गाडीतून गेटपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी केळी दाखवली नाहीत की पानवेल नाही. गेटजवळ गाडी थांबवून विचारलं, “बाय, तू रावतेस कुटं?”

“बोळिंजला. सोसायटीत.”

“पानी कसलं येतं?”

“टँकरचं,” मी म्हटलं, आणि म्हणतानाच समजलं. ते टँकर याच बाजूच्या वाड्यांतल्या विहिरींवर भरून यायचे. रोज सकाळी मी त्याच पाण्याच्या बादल्या भरत होते. गोडं पाणी उपसून आमच्याकडे आलं होतं, आणि त्याच्या जागी जमिनीखालून समुद्र आत सरकला होता.

“गोडं असतं?” त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. “गोड असतं, काका.”

“मंग बरं,” ते म्हणाले. “कुटंतरी हाय म्हनायचं.” आणि गाडी वळवून आत गेले.

तेव्हापासून पावसाळ्याआधी मी प्रत्येक ठिकाणी डिस्टिल्ड वॉटरचे भरलेले कॅन ड्रायव्हरच्याच ताब्यात देते. बॅटरीचं पाणी दुकानात मिळतं. त्याची सोय करता येते.