मामींचं गेटवरचं बसणं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या सांभाळून घ्या. पण मामींबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात आहे.

"मागायचं न्हाय, बसायचं," असं म्हणून मामी पदर खोचायच्या आणि कारखान्याच्या गेटसमोर मांडी घालायच्या. हातात लोकर कातायची टकळी. घरची मेंढरं कधीच विकली होती, पण बोटांची सवय गेली नव्हती.

वॉचमन म्हणायचा, "मामी, हितं बसायला मनाई हाय."

"मनाई तुझ्या गेटाच्या आत. ही सडक सरकारची हाय."

तो हसायचा आणि आपलं स्टूल सावलीत सरकवून द्यायचा. मामी त्यावर कधी बसल्या नाहीत.

बारामतीच्या एमआयडीसीत दूध पावडरच्या पिशव्या भरायचा तो लहानसा कारखाना होता. नव्वदनंतरची गोष्ट. सगळे ज्यांना मामी म्हणायचे त्या आणि मी एकाच टेबलाशी उभ्या राहून काम करायचो. मामींचे गुडघे दुखायला लागले, आणि आमच्या ह्यांना लासुर्ण्याला काम लागलं. म्हणून एकाच आठवड्यात दोघींनी काम सोडलं. दोन महिन्यांचा पगार आणि बोनस यायचा होता.

मालकांनी पावती पुढे केली. मी सही केली. आमच्या गावच्या डेअरीत आधी वहीत सही, मग पैसे, अशीच रीत. मला काही वावगं वाटलं नाही. मामींनी मात्र अंगठा मुठीत लपवला. "पैसं हातात पडल्यावर शाई," म्हणाल्या. मालक म्हणाले, "पुढच्या बाजारी या दोघी."

पुढच्या बाजारी मामींना पुन्हा वायदा दिला आणि मला म्हणाले, "तुझी सही आहे की. पैसे मिळाले तुला."

मी मान खाली घालून एसटीत बसले. सही केली म्हटल्यावर घरी सासूबाईंना वाटलं, मी पैसे माहेरी दिले. त्या भांडल्या नाहीत. नुसतं माझ्या हाती किराण्याला पैसे देणं बंद केलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं झालं असेल, तर ते भांडणापेक्षा किती लागतं, हे सांगायला नको.

तेव्हापासून दर आठवड्याच्या बाजारी आम्ही गेटवर. येणारा-जाणारा ड्रायव्हर विचारायचा, "मामी, का बसलाय?"

"हिच्या पगाराची वाट बघतोय," मामी मोठ्यानं सांगायच्या. मी पदरात तोंड घालायची.

तिसऱ्या बाजारी मालकांनी मामींचे पैसे देऊन टाकले. त्यांना वाटलं, ब्याद गेली. चौथ्या बाजारी मी एसटीतून उतरून गेले, तर मामी आधीच मांडी घालून बसलेल्या.

"मामी, तुमचं तर मिळालं."

"तुला एकटीला सोडू व्हय? तुझं तोंड बघितलं की वाटतं, तूच त्याचं देणं लागतीस!"

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. एवढं ऋण असून मी शेवटचं पाणीही पाजू शकले नाही.

सहाव्या बाजारी मालक दोन व्यापाऱ्यांना घेऊन जीपमधून उतरले. मामी गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मालक, हिला पैसं दिलं म्हनता न्हवं?"

"सही आहे तिची."

"सही न्हाय इचारली. दिलं का?"

"दिले की."

मामींनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि तळहात पुढे केला. "मग ह्यो उचला, आन् खंडोबाची आन घेऊन म्हना."

मालकांच्या घरचंही दैवत खंडोबाच. ते त्या पिवळ्या हाताकडे बघत राहिले. व्यापारी दुसरीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते हळूच म्हणाले, "चला आत."

मामींनी भंडारा आधी माझ्या कपाळाला लावला, मग मालकांच्याही.

कारकुनानं अकराशे चाळीस रुपये हातात ठेवले. मी खाली मान घालून ते पदरात बांधायला लागले.

"मोज," मामी म्हणाल्या.

"असू द्या, मामी."

"लाजू नगं. कामाचं पैसं हायेत. मोठ्यानं मोज."

मालक, व्यापारी, कारकून, सगळे उभे होते. चार परक्या माणसांपुढे मी पहिल्यांदाच आवाज काढला. मामी दर नोटेला मान हलवत होत्या. एक रुपयाही कमी नव्हता.