आमदार कुठे ठेवतील?

नागपूरहून आयर्लंडला माझ्याकडे आलेले बाबा माझ्यासोबत टीव्हीवर आयरिश संसदेचं कामकाज बघत होते. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. नवं सरकार बनवण्याचा प्रस्ताव मतदानात पडला, तसे बाबा सरसावून बसले.

"आता आमदारांना कुठल्या हॉटेलात नेऊन ठेवतील?"

मला रागच आला. "इथे तसलं काही नसतं, बाबा," मी तोऱ्यात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ॲडम्सटाउन स्टेशनवर आमच्या भागाचा खासदार कॉफीच्या रांगेत एकटाच उभा होता. मी बाबांना तो दाखवला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"मी ज्याला निवडून दिलं," ते हळूच म्हणाले, "तो आज कुठल्या पक्षात आहे, ते मला विचारू नकोस."